विश्लेषण : फुप्फुसाचा तुकडा गोठवून काढणारी ‘क्रायोबायोप्सी’ कोणासाठी?

मे महिन्यात सक्करदऱ्यात कूलरशिवाय झोप लागत नाही. पण कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप पावसाळ्यानंतरही टिकून राहिली आणि डॉक्टरांनी घरच्या कूलरची चौकशी केली, तर नवल वाटायला नको.

कूलरचा संबंध काय?

दोन्ही फुप्फुसांत पसरणाऱ्या, ऊती जाड व कडक करणाऱ्या आजारांच्या गटाला ‘आयएलडी’ म्हणतात. देशातील २७ केंद्रांतील १,०८४ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४७.३ टक्के रुग्णांना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ होता. श्वासावाटे जाणारी बुरशी, कबुतरांच्या विष्ठेतील कण यांच्यामुळे फुप्फुसाला येणारी ही सूज. त्यांतील ४८.१ टक्के जणांचा एअर कूलरशी संपर्क आढळला. संपर्क म्हणजे सिद्ध झालेले कारण नव्हे; पण ओल्या, कुजक्या गवतावर बुरशी वाढतेच.

मग तुकडा कशाला?

बहुतेकांचे निदान एचआरसीटी, रक्ततपासणी आणि नीट विचारपूस यांवर होते. अडते ते काहींचे. हाच आजार जुना झाला की स्कॅनवर ‘आयपीएफ’सारखा दिसू शकतो. पहिल्यात स्टेरॉइड अनेकदा उपयोगी पडते. दुसऱ्यात स्टेरॉइडसह अॅझाथायोप्रिन दिल्याने मृत्यू वाढल्याचे २०१२ मध्ये अमेरिकेतील चाचणीत दिसले. निदान चुकले तर औषधच घातक ठरते.

गोठवतात कसे?

रुग्णाला भूल देऊन ब्रॉन्कोस्कोपमधून सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा प्रोब आत नेतात. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड टोकाशी एकदम प्रसरण पावतो आणि टोक उणे ७० अंशांच्या आसपास जाते. काही सेकंदांत ऊती टोकाला चिकटते, बर्फाच्या ट्रेला ओले बोट चिकटावे तशी. मग दुर्बीण व प्रोब एकत्रच ओढून काढतात. चिमट्याने काढलेला तुकडा लहान आणि चेंगरलेला निघतो; हा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास व शाबूत असतो.

धोका किती?

शंभरांत साधारण दहा जणांत छातीच्या पोकळीत हवा शिरते. काहींना नळी घालावी लागते. रक्तस्रावाची भीती मोठी, म्हणून श्वासनलिकेत फुगा तयार ठेवतात. ऑस्ट्रेलियातील ‘कोल्डआइस’ अभ्यासात (२०२०) ६५ रुग्णांची क्रायो आणि शस्त्रक्रियेची, अशा दोन्ही बायोप्सी झाल्या. अंतिम निदान ७६.९ टक्के जणांत जुळले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी अनुभवी केंद्रांत या पद्धतीला शस्त्रक्रियेचा पर्याय म्हणून मान्यता दिली, तीही सशर्त. फुप्फुसाची क्षमता फार घटलेल्यांना किंवा फुप्फुसातील रक्तदाब बराच वाढलेल्यांना ती सहसा टाळतात. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ते आधीच सांगावे; ती कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील.