‘कुठच्या वाडीतला?’ : आत्मसन्मान हाही आरोग्याचाच भाग

आरोग्याच्या पानावर आपण नेहमी रक्तदाब, साखर, अंगात रक्त कमी असणे, पावसाळ्यातला लेप्टो, नाहीतर आपल्या जिल्ह्यातला माकडताप यांविषयी वाचतो. या वेळी मनाच्या तब्येतीविषयी बोलू. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारा मुलगा आपल्या वस्तीत आहे. बँकेत पैसे काढायला गेल्यावर काउंटरसमोर गप्प उभी राहणारी ताई आहे. ग्रामसभेत मागच्या भिंतीला टेकून बसणारे आणि घरी आल्यावर ‘मला सांगायचे होते’ म्हणणारे काका आहेत. यांना ताप नाही, खोकला नाही, म्हणून कुणी दवाखान्यात नेत नाही. पण आत कुठेतरी ‘आपण कमी आहोत’ असे ठाण मांडून बसले असेल, तर अभ्यास, नोकरी, संसार, झोप, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो.

आपल्या कोकणात गाव म्हणजे वाड्या. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही जा, नवीन पोराला पहिला प्रश्न ठरलेला : ‘खंयच्या वाडीतलो रे तू?’ विचारणाऱ्याच्या मनात कधी काहीच नसते, कधी सगळे असते. वाडी कळली की जात कळते. आणि आपले पोर उत्तर देताना आवाज खाली आणते. त्या खाली आलेल्या आवाजाचे कारण आणि त्यावरचे उपाय समजून घेऊ.

दोन शब्द, दोन अर्थ

आत्मसन्मान म्हणजे ‘माणूस म्हणून माझी किंमत कुणापेक्षा कमी नाही’ ही खात्री. आत्मविश्वास म्हणजे ‘हे काम मला जमेल’ ही खात्री. पोहायला येणाऱ्याला पाण्यात आत्मविश्वास असतो, पण त्यालाच भाषण करायला उभे केले तर पाय लटपटतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, सरावाची कमतरता आहे एवढेच. आत्मसन्मान मात्र एखाद्या कामापुरता नसतो. तो खचला की येणारे कामही हातून होत नाही.

आणि अहंकार? तथागतांच्या शिकवणीत ‘मान’ हा मनाचा एक मळ सांगितला आहे. ‘मी श्रेष्ठ आहे’ हा जसा मान, तसा ‘मी हीन आहे’ हाही मानच, आणि ‘मी त्याच्या बरोबरीचा आहे’ असे सतत मोजत राहणे हाही मानच. म्हणजे स्वतःला दुसऱ्याच्या फूटपट्टीने मोजण्याची सवयच मुळात दुखणे आहे. आपल्याला मुलांना इतरांपेक्षा मोठे समजायला शिकवायचे नाही. फूटपट्टी खाली ठेवायला शिकवायचे आहे.

न्यूनगंड जन्माने येत नाही

‘आमचा पोरगा मुळातच बुजरा’ असे आपण सहज म्हणतो. काही मुले स्वभावाने शांत असतात, हे खरे. पण शांत असणे वेगळे आणि दबून राहणे वेगळे.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत एक प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची वाट शोधायची कोडी सोडवायला दिली. त्यांत निम्मी मुले सवर्ण, निम्मी दलित. कुणाची जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दोन्हीकडच्या मुलांनी सारखीच कोडी सोडवली. बुद्धीत काही फरक दिसला नाही. मग दुसऱ्या गटांत कोडी देण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. कोडी तीच होती. पण आता दलित मुलांनी सोडवलेली कोडी स्पष्टपणे कमी झाली.

डोके तेच, हात तेच, कागद तोच. बदलली ती फक्त आजूबाजूची नजर. ‘हे आपल्याला कमी समजतात, आपल्याला न्याय मिळणार नाही’ असे मनात आले की लक्षाचा मोठा भाग त्या विचारातच खर्च होतो आणि कोड्याला उरतो तो थोडा. आपल्या मुलाला वर्गात, मुलाखतीत, कचेरीत जे होते ते हेच. त्यामुळे ‘घाबरतोस कशाला?’ म्हणून त्याच्यावर ओरडणे म्हणजे ओझे घालणाऱ्याला सोडून वाहणाऱ्याला झोडपणे.

पण याच प्रयोगात आशाही आहे. जी गोष्ट बाहेरून लादली जाते, ती उतरवताही येते.

चवदार तळ्याचा धडा

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी आपली माणसे तळ्यावर गेली नाहीत. भीती खोटी नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून हजारो लोक गेले, पाणी प्याले, आणि त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झालाच. खटला चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला.

१९२७ च्याच डिसेंबरमध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. जात ओळखू यावी म्हणून नेसायची लुगड्याची पद्धत आणि अंगावरचे तसले दागिने सोडा, स्वच्छ राहा, मुलामुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. बायकांनी तिथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली.

मनाच्या आरोग्याच्या दृष्टीने यात तीन गोष्टी आहेत. आत्मविश्वास आधी येतो आणि मग कृती होते असे नाही. पाऊल टाकले की तो मागून येतो. ते पाऊल एकट्याने टाकायला लागू नये, सोबत लागते. आणि लुगड्याच्या निऱ्यांसारखी रोजची लहान गोष्टही माणसाची मान वर करते.

आत्मविश्वास कशाने वाढतो?

अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली आत्मविश्वासाचे चार झरे सांगितले. चारही आपल्या वस्तीत आहेत.

*१. स्वतः केलेले लहान काम.* सर्वांत बळकट झरा हाच. जमेल एवढेच, पण रोज थोडे अवघड काम मुलाला द्या. आठ-दहा वर्षांच्या मुलाला दुकानात पाठवून हिशेब विचारा. दहावीतल्या मुलीला पोस्टात किंवा बँकेत स्लिप स्वतः भरू द्या. तुम्ही बाजूला उभे राहा, हातातून पेन काढून घेऊ नका. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. त्यातले एक पान रोज एका मुलाला किंवा मुलीला वाचायला द्या. अडखळले तर थांबा, हसू नका. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने असे वाचन झाले, तर १४ एप्रिलच्या भाषणाला त्याच मुलांचे पाय कमी लटपटतील.

*२. आपल्यासारख्या माणसाला जमलेले पाहणे.* मोठ्या माणसांचे फोटो भिंतीवर हवेतच. पण मुलाला सर्वांत जास्त बळ येते ते आपल्याच वाडीतली नर्स झालेली ताई, एसटीचा वाहक, तलाठी, होमस्टे चालवणारी काकी पाहून. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात. त्यांच्यापैकी दोघा-तिघांना एका संध्याकाळी मुलांसमोर बसवा. पगार किती ते सांगू नका म्हणावे. किती वेळा नापास झालो, पहिल्या मुलाखतीत काय फजिती झाली, ते सांगा म्हणावे.

*३. विश्वासाच्या माणसाचा शब्द.* इथे आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची आठवण ठेवायला हवी. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईत शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांना दिसे. त्यांनी त्याची आपुलकीने चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराची सभा भरली. अध्यक्ष होते वर सांगितलेले बोले. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे महाराज सयाजीरावांची मदत मिळावी म्हणूनही त्यांनी खटपट केली. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला वेगळ्या तरटावर बसावे लागले होते, त्याला एका शिक्षकाने माणूस म्हणून पाहिले. प्रत्येक मुलाला असा एक तरी मोठा माणूस लागतो. तो तुम्ही होऊ शकता.

*४. शरीराच्या खुणा ओळखणे.* सर्वांसमोर उभे राहिले की छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, तळहाताला घाम येतो. मूल समजते, ‘मी भित्रा’. त्याला सांगा, हे शरीर कामाला तयार होत आहे; मोठ्या वक्त्यालाही असे होते. श्वास नाकाने सावकाश घ्यायचा आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा. असे आठ-दहा वेळा केले की धडधड कमी होते. आनापान शिकलेल्यांना श्वासावर लक्ष ठेवणे नवीन नाही. वंदनेनंतर पाच मिनिटे घरातल्या सगळ्यांनी मिळून करावे.

घरातली भाषा

बाहेरच्या अपमानावर घर हे औषध. पण कधी कधी घरच दुखणे वाढवते. ‘काळ्या’, ‘ढ’, ‘बावळट’ ही लाडाची नावे नव्हेत. मूल ती खरी मानते. आपल्या कोकण विभागाचा दहावीचा निकाल राज्यात सर्वांत वर असतो. २०२४ साली तो ९९.०१ टक्के होता. अशा ठिकाणी नापास झालेल्या किंवा कमी गुण मिळालेल्या मुलाला किती एकटे वाटत असेल याचा विचार करा. चुलत भावाचे गुण त्या दिवशी काढू नका.

कौतुक करावे, पण खरे करावे. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ‘तू हुशार आहेस’ असे कौतुक झालेली मुले पुढे अवघड प्रश्न टाळू लागली, कारण चुकलो तर हुशारी जाईल अशी भीती. ‘तू मेहनत घेतलीस’ असे ज्यांना सांगितले, ती अवघड प्रश्नालाही भिडली. म्हणून ‘गणित तीनदा खोडून चौथ्यांदा बरोबर केलेस’ असे नेमके सांगा.

मुलींच्या रंगावरून बोलणे तर बंदच करावे. गोरे होण्यासाठी दुकानातून आणलेल्या काही मलमांत स्टिरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते, पुटकुळ्या आणि लाल चट्टे येतात. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तोंडाला असे मलम लावू देऊ नका.

मालवणी बोलीचीही लाज नको. शाळेची मराठी आणि इंग्रजी शिकावीच, पण ती आणखी एक भाषा म्हणून. आईची बोली अडाण्यांची म्हणून टाकायची नाही.

प्रश्नाला उत्तर काय द्यायचे?

मुलांना घरीच सराव द्या. समोरच्याकडे बघून, नेहमीच्या आवाजात वाडीचे नाव सांगायचे आणि थांबायचे. सांगायचे नसेल तर ‘कशासाठी विचारता?’ असे विचारायलाही हरकत नाही. कुणी चिडवले, वेगळे बसवले, तर घरी सांगायचे, आणि घरच्यांनी ‘दुर्लक्ष कर’ म्हणून विषय मिटवायचा नाही. शाळेत जाऊन बोलायचे. चारचौघांत जातीवरून अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. जिथे अन्याय आहे तिथे दीर्घ श्वास हे उत्तर नव्हे. तिथे तक्रार हेच उत्तर.

वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आपल्या वाडीचे नाव काय असावे, यावर बैठक घ्या आणि मुलांनाही त्यात बोलू द्या. नाव बदलल्याने नजरा लगेच बदलणार नाहीत. पण स्वतःच्या वस्तीचे नाव ठरवताना आपले मत विचारले गेले, हे मूल विसरणार नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, झोप आणि भूक बिघडली, शाळा किंवा काम टाळणे सुरू झाले, दारू वाढली, ‘माझा काही उपयोग नाही’ असे वारंवार बोलणे आले, तर हा स्वभाव नसून आजार असू शकतो. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तसे असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत चालू असतो आणि मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ आहे.

आज रात्री जेवताना एवढेच करा : घरातल्या सर्वांत गप्प माणसाला, मग ते पोर असो की आजी, एक प्रश्न विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. उद्याही तसेच करा. ज्याचे घरी ऐकले जाते, त्याचा आवाज बाहेरही हळूहळू वर येतो.