आशाताई बाळाला बघायला घरी का येते? गावचा दवाखाना आणि संशोधन यांचं नातं समजून घ्या

जवळा बाजार : दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई सहा वेळा घरी येते. बाळाच्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. वजन करते, ताप बघते, बाळ नीट दूध पितंय का ते विचारते. ही पद्धत आली कुठून? तर आपल्याच राज्यातल्या खेड्यांतून, एका संशोधनातून.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या बायांना बाळाची काळजी कशी घ्यायची ते शिकवलं. शेजारच्या 47 गावांत नेहमीचीच सेवा चालू होती. 39 गावांत आधी दर हजार जन्मांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यात दगावत. तीन वर्षांत हा आकडा 26 च्या आत आला. 1999 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने हे काम देशभरातल्या आशाताईंकडे दिलं.

मराठवाड्यातल्या सव्वा लाख बाया

दुसरं उदाहरण तर आपल्या मराठवाड्यातलंच आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर सापडावा म्हणून कोणती तपासणी चांगली, हा प्रश्न होता. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हा अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया त्यात होत्या.

गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठी टाकल्यासारखी त्यांची चार भागांत वाटणी केली. तीन भागांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्या भागात नेहमीची सेवा. आठ वर्षांत चौथ्या भागातल्या 31,488 बायांपैकी 64 जणी या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही विषाणूची तपासणी ज्या भागात झाली, तिथे 34,126 पैकी 34. म्हणजे एकाच वेळच्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये हा निकाल जगापुढे आला. आज जागतिक आरोग्य संघटनाही एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते.

पण दुसरी बाजूही आहे. चौथ्या भागातल्या बायांची तपासणी केली नाही, यावर पुढे बरीच टीका झाली. संशोधनात माणसाच्या हक्कांचे नियम का लागतात, ते यावरून कळतं.

यात सरकारी दवाखान्याचं काम काय?

औषध किंवा तपासणी खरंच उपयोगी आहे का, हे प्रयोगशाळेत अर्धंच कळतं. उरलेलं गावात कळतं. गावात कोण राहतं, कोणाचं वय किती, कोण गरोदर आहे, कोणाला टीबी आहे, याच्या नोंदी उपकेंद्रात आणि आशाताईच्या वहीत असतात. अनोळखी माणसाला दार उघडणार नाही, पण सिस्टरला उघडतात. तपासणीत काही निघालं तर पुढच्या उपचारासाठी दवाखाना लागतो. वर्षानुवर्षं माणसांची खबरबात ठेवावी लागते. आणि शेवटी, जे चांगलं ठरलं ते घरोघरी पोचवायचं कामही याच यंत्रणेचं.

आता हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. त्यामुळे उद्या असा अभ्यास आपल्या दारातही येऊ शकतो.

कोणी विचारलं तर काय कराल?

नवीन औषध आणि लसींच्या चाचण्यांसाठी देशात 2019 चे नियम लागू आहेत. त्यातल्या या गोष्टी लक्षात ठेवा :

- सगळी माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. समजल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका.
- वाचता येत नसेल तर संमती घेताना तटस्थ साक्षीदार हजर हवा.
- माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्या.
- 'नाही' म्हणायचा हक्क तुमचा आहे. मध्येच बाहेरही पडता येतं. त्यासाठी तुमचा नेहमीचा उपचार कोणी थांबवू शकत नाही.
- चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नियमाप्रमाणे भरपाई मिळते.
- अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी आहे का आणि सरकारी नोंदणी क्रमांक कोणता, ते विचारा. कोणालाही हा क्रमांक इंटरनेटवर तपासता येतो.

गोळी नवी आहे की जुनी, आपण कोणत्या गटात जाणार, त्रास झाला तर फोन कोणाला करायचा, हेही विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या कागदावर सही करायची घाई करू नका.

धाराशिवच्या बायांनी दिलेल्या माहितीचा फायदा आज जगभरातल्या बायांना होतोय. गडचिरोलीत जे शिकलं गेलं, ते आशाताईच्या पिशवीतून आपल्या घरात येतंय. संशोधनात भाग घ्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवताना पूर्ण माहिती हातात असावी.