तबकडीवरील तुकडेबंदी

गोदाघाटावर व्याख्यान ऐकावयास येणाऱ्या मंडळींना जागेचा प्रश्न निराळा समजावून सांगावयास नको. लवकर येणारास हवी तेथे बैठक मिळते. परंतु भाषण रंगात आल्यावर सहा माणसांचे एखादे कुटुंब आले म्हणजे काय होते, हे आपण पाहतोच. मधूनच उठून गेलेल्यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या असतात. मग आजोबा पुढच्या रांगेत, आजी बायकांच्या बाजूला, दोन मुले पायऱ्यांवर आणि यजमान पार मागे उभे, अशी त्या कुटुंबाची पांगापांग होते. माणसे सहाच्या सहा हजर असतात. कोणी हरवलेले नसते. मात्र व्याख्यान संपल्यावर त्या सहा जणांना गोळा करून रिक्षात बसवावयास जो वेळ लागतो, तोच आमचा आजचा विषय आहे.

घरचा किंवा कचेरीतला संगणक दोन-तीन वर्षांनी मंद होतो अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. कोणी म्हणतो यंत्र म्हातारे झाले, कोणी म्हणतो विषाणू शिरला. दुकानदार तर नवे यंत्र घ्या म्हणावयास तयारच असतो. ह्या मंदपणाचे एक कारण असे आहे की जे ना म्हातारपण, ना रोग. ते म्हणजे नोंदींची पांगापांग.

ज्या पेटीत संगणक आपल्या नोंदी कायमच्या ठेवतो ती हार्ड डिस्क म्हणजे एका बंद डबीत फिरणारी गुळगुळीत तबकडी. बहुधा एकीवर एक अशा दोन-तीन. ज्यांनी ग्रामोफोन पाहिला आहे त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. तबकडी फिरते आणि एक हात तिच्यावर आत-बाहेर सरकत वाचतो. फरक एवढाच, की येथे सुई तबकडीला टेकत नाही, हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. आणि खोबणी एकसलग सर्पिल नसून एकात एक वर्तुळे असतात. अशा प्रकारचे पहिले यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. हवी ती नोंद सापडावयास सरासरी अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे.

आजची सामान्य तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सेकंदाच्या हजार भागांपैकी आठ भाग लागतात. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार भाग. आणि त्याआधी हाताने योग्य वर्तुळावर सरकावयास सुमारे नऊ भाग. एकंदर तेरा. ही संख्या लक्षात ठेवावी, कारण सारा मामला तिच्यावर उभा आहे. आपल्याला तेरा सहस्रांश सेकंद म्हणजे काहीच नाही, पण तेवढ्यात संगणकाचा मेंदू कोट्यवधी बेरजा उरकतो. यंत्रातील बाकी सारे विजेच्या वेगाने धावत असताना हा एक अवयव हात हलवीत चालतो, आणि त्याच्यासाठी सगळ्यांना थांबावे लागते.

आता तुकडे पडतात कसे ते पाहू. तबकडीवरील जागा लहान लहान खणांत वाटलेली असते. विंडोजमध्ये एक खण साधारणतः चार किलोबाइटचा, म्हणजे चार हजारांवर इंग्रजी अक्षरे मावतील एवढा. (आपल्या देवनागरीच्या एकेका चिन्हास आजच्या पद्धतीत तीन जागा लागतात, तेव्हा मराठी मजकूर त्या खणात कमीच बसतो.) यंत्र नवे असते तेव्हा फाइल आली की तिला सलग खण मिळतात. पुढे आपण काही फाइली पुसतो आणि मधेमधे फटी पडतात. मग मोठी फाइल आली की ती एका फटीत मावत नाही. थोडी येथे, थोडी तेथे अशी ती बसते. जुन्या डॉस पद्धतीत तर पहिली फट दिसली की ती भरावयाची असाच जवळजवळ शिरस्ता होता.

ह्याहूनही जास्त विखुरते ती रोज वाढणारी फाइल. दुकानाची रोजकीर्द घ्या. आज तिच्यात दहा ओळी वाढल्या, पण तिच्या शेजारच्या खणात कालच दुसरे कोणी येऊन बसले आहे. मग त्या दहा ओळी दूर कोठे तरी जातात. असे वर्षभर रोज होत राहते. यंत्र चुकत नाही. कोणता तुकडा कोठे आहे ह्याची यादी ते चोख ठेवते. दिवाळी अंकात कथा ऐन रंगात आली असता ‘उर्वरित मजकूर पान अमुक’ अशी सूचना येते, तिकडे गेल्यावर पुन्हा तसलीच दुसरी, असा हा प्रकार असतो. मजकूर पूर्ण मिळतो, पण पाने चाळता चाळता रसभंग होतो.

पाने चाळण्याची किंमत आता मोजता येईल. पन्नास मेगाबाइटची फाइल सलग असेल आणि तबकडी सेकंदाला शंभर मेगाबाइट वाचीत असेल, तर अर्ध्या सेकंदात काम संपते. हीच फाइल हजार ठिकाणी विखुरली असेल तर हाताला हजार वेळा उठून जावे लागेल. हजार गुणिले तेरा सहस्रांश म्हणजे तेरा सेकंद. काम अर्ध्या सेकंदाचे आणि वाटचाल तेरा सेकंदांची! पण फाइलीचे तुकडे तीनच असतील तर आपल्याला काही कळणारही नाही. तुकडे आहेत की नाहीत हा प्रश्नच नव्हे. किती आहेत आणि ती फाइल दिवसातून किती वेळा उघडावी लागते, हा प्रश्न आहे.

हा हिशेब मांडताना आम्हांला संगणकाच्या कितीतरी आधीचे एक पुस्तक आठवते. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाची बारकाईने पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध केली. त्या गावात जमीनमालक होते १५६ आणि जमिनीचे वेगवेगळे तुकडे होते ७२९. त्यांपैकी ४६३ तुकडे एकरापेक्षा लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. भाऊ वेगळे झाले की प्रत्येकाला काळ्या जमिनीतही वाटा हवा, मुरमाड जमिनीतही हवा आणि विहिरीजवळचाही हवा. त्यामुळे प्रत्येक तुकड्याचे पुन्हा तुकडे. एकूण जमीन तेवढीच राहिली, पण औत-बैल घेऊन एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यात दिवस मोडू लागला. पुढे १९४७ साली मुंबई राज्यात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. आपल्या सातबाऱ्यावर सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर दिसतो, तो ह्याच एकत्रीकरणाची खूण होय. आणि गंमत अशी, की त्याच पिंपळे सौदागरात आज हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाणाऱ्या लोकांच्या उंच इमारती उभ्या आहेत.

शेताचे एकत्रीकरण मात्र जड जाते, ते का हे निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला विचारावे. जमीन जमिनीसारखी नसते. वडिलांनी खणलेली विहीर, बांधावरचा आंबा, ह्यांचा मोबदला कसा ठरवावयाचा? फाइलीच्या तुकड्याला असला जीव लावलेला नसतो. तबकडीच्या बाहेरच्या वर्तुळांवर वाचन काहीसे वेगाने होते हे खरे, परंतु त्यासाठी भाऊबंदकी होत नाही. म्हणून जे एकत्रीकरण गावात पिढ्यान्‌पिढ्या रखडते ते तबकडीवर एका रात्रीत होऊ शकते.

हा उपद्रव किती मोठा असू शकतो, ह्याचे एक नमुनेदार उदाहरण अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात मिळते. तेथील संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जुन्या युनिक्स पद्धतीचे मोजमाप दिले आहे. नवी मांडणी असताना सेकंदाला १७५ किलोबाइट वाचन होई. काही आठवडे साधाच वापर झाल्यावर ते ३० वर आले. यंत्र तेच, तबकडी तीच, फक्त खणांची सरमिसळ झालेली. ह्या मंडळींनी आवराआवर करण्यापेक्षा पसाराच होऊ न देण्याचा मार्ग धरला. तबकडीचे भाग पाडून एका फाइलीचे खण शक्यतो एकाच भागात द्यावयाचे, आणि दहा टक्के जागा नेहमी मोकळी राखावयाची. आमच्या मते ही दहा टक्क्यांची युक्ती सर्वांत शहाणपणाची. पटांगण खच्चून भरल्यावर स्वयंसेवक कितीही हुशार असला तरी कुटुंबाला एकत्र बसवू शकत नाही.

विंडोज वापरणाऱ्यांच्या वाट्याला मात्र आवराआवरच आली. १९९३ च्या डॉसमध्ये ही सोय आली आणि विंडोज ९५ मध्ये ती घरोघर पोचली. पडद्यावर रंगीत चौकोन एकामागून एक सरकत जाताना पाहणे हा त्या काळी अनेकांचा रविवारचा विरंगुळा होता. आम्हीही त्यात तासन्‌तास घालविले आहेत. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून हे काम यंत्र स्वतःच ठरल्या वेळी करू लागले. त्यामुळे आज ‘वेग वाढवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या बहुतेक उपकरणांची घरात गरज नाही.

येथे आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ओळखीच्या एका लहान पतसंस्थेतील संगणक अतिशय मंद झाला होता. पासबुक भरावयास रांग लागे. तेथल्या कारकून बाई म्हणाल्या, “काका, तुम्हांला ह्यातले कळते, जरा पाहा ना.” आम्ही पाहिले. खातेवहीची फाइल हजारो तुकड्यांत विखुरली होती. आम्हांला आपले निदान इतके पटले, की संध्याकाळी एकत्रीकरण सुरू करून आम्ही घरी आलो. सकाळी यंत्र उठलेच नाही. बाई मागून सांगू लागल्या, “महिनाभर त्यातून टक्‌टक्‌ आवाज येत होता, पण तुम्ही विचारले नाही.”

तबकडीच मरणपंथाला लागली होती. खराब झालेला खण यंत्र पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि मंदपणाचे मोठे कारण तेच होते. तुकडे होते, पण ते मुख्य दुखणे नव्हते. एकत्रीकरणात जवळजवळ प्रत्येक नोंद उचलून दुसरीकडे लिहावी लागते. दुखऱ्या तबकडीला ती रात्रभराची धावपळ सोसली नाही. नोंदींची दुसरी प्रत सात महिन्यांपूर्वीची होती. ते सात महिने बाईंनी आणि आम्ही कागदी पावत्यांवरून पुन्हा भरले. कोणाचे पैसे बुडाले नाहीत, पण एका वृद्ध खातेदाराला आपल्या ठेवीचा आकडा पडद्यावर दिसेना, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते आम्ही विसरलो नाही. तेव्हापासून कोणाच्या यंत्राला हात लावण्यापूर्वी आम्ही दोन प्रश्न विचारतो: नोंदींची प्रत कोठे आहे, आणि आवाज येतो का?

आता तिसराही विचारावा लागतो: आत तबकडी आहे तरी का? गेल्या काही वर्षांत विकल्या गेलेल्या बहुतेक लॅपटॉपांत फिरणारे काही नसतेच. एसएसडी नावाची चिप असते. तिला हात नाही, फेरा नाही. कोणत्याही खणापर्यंत पोचावयास तबकडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी वेळ पुरतो. तुकड्यांचा थोडा फरक तेथेही पडतो, पण तो आपल्या घड्याळाला कळत नाही. उलट तिच्या प्रत्येक पेशीला पुसून पुन्हा लिहिण्याची मर्यादा असते, आणि एकत्रीकरणात ते आयुष्य फुकट खर्च होते. शिवाय ही चिप आपल्या नोंदी आतल्या आत स्वतःच्या सोयीने हलवीत असते. बाहेरून आपण जे सलग मांडले असे समजतो ते आत सलग असतेच असे नाही. २००९ च्या विंडोज ७ पासून यंत्र अशी चिप ओळखून नेहमीचे एकत्रीकरण टाळते. तिला फक्त कोणते खण आता रिकामे झाले एवढी वर्दी देते.

आपल्या यंत्रात काय आहे हे पाहावयाचे असल्यास विंडोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ हे पान उघडावे. प्रत्येक पेटीसमोर ती फिरणारी की चिपची, हे तेथे लिहिलेले असते. फिरणारी असेल, तिची प्रत काढलेली असेल, आवाज येत नसेल आणि पंधरा टक्के जागा मोकळी असेल, तर रात्री खुशाल एकत्रीकरण करावे. जागा मोकळी नसेल तर आधी जुने सिनेमे पुसावेत. यंत्र फारच जुने असेल तर त्यात चिप बसवून घेणे हे एकत्रीकरणापेक्षा कितीतरी गुणकारी, आणि नव्या यंत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

हा विषय आम्ही तोंडी मांडला तेव्हा मागच्या रांगेतून एका आजींनी विचारले, “मग माझ्या मोबाइलचे काय? तोही हल्ली रेंगाळतो.” त्यात तबकडी नाही, आजी. त्यात नातवंडांचे फोटो फार झाले आहेत. ते मुलाला सांगून दुसरीकडे उतरवून घ्या, आणि उतरले की नाही हे स्वतः उघडून पाहिल्यावरच फोनमधून पुसा.