खरबुजावरील जाळी : रोग नव्हे, भरलेली जखम

जाळीदार खरबुजाची प्रत व्यापारी आधी सालीवरून ठरवतो. त्यामुळे गुळगुळीत कोवळ्या फळावर बारीक चिरा दिसू लागल्या की काही शेतकरी घाबरून बुरशीनाशक फवारतात. चिरा कोरड्या, उथळ आणि फिकट राखाडी असतील तर हा खर्च वाया जातो, कारण तीच जाळीची सुरुवात असते. चिरेच्या कडा ओलसर, खोलगट किंवा चिकट दिसल्या तर मात्र तो रोग समजावा.

फळधारणेनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी गर वेगाने फुगत असतो, पण बाहेरची साल तितकी ताणली जात नाही. ती फाटते. आधी उभ्या चिरा पडतात, मग त्यांना जोडणाऱ्या आडव्या. चिरेखालच्या जिवंत पेशी पुन्हा विभागू लागतात आणि बुचाचे थर रचतात. या पेशींच्या भिंतींत सुबेरिन हा मेणासारखा पदार्थ साठतो, पेशी मरतात आणि पाणी व बुरशी अडवणारा खरखरीत उंचवटा उरतो. कापलेल्या बटाट्यावर नवी साल धरते ती याच पद्धतीने. चिकूची तपकिरी सालही बुचाचीच, फक्त ती सगळ्या फळावर पसरलेली असते.

खरा धोका चीर पडल्यापासून ती बुचाने भरेपर्यंतच्या दिवसांत असतो. तेव्हा जखम उघडी असते, तिच्यातून पाणी उडते आणि बुरशीला वाट मिळते. अशा वेळी जमीन कोरडी पडू देऊन मग भरपूर पाणी सोडले, तर गर एकदम फुगतो, चीर खोल जाते आणि फळ तडकून सडते. म्हणून या काळात ठिबकने थोडे, पण नियमित पाणी द्यावे. वीज नसल्याने एक पाळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट पाणी देणे, हे मला पाळी चुकण्यापेक्षाही घातक वाटते.

जमिनीला टेकलेल्या बाजूला जाळी विरळच येते, त्यासाठी वेगळी फवारणी नको. काही वाणांना तर जाळी नसतेच, तेव्हा बियाणे घेतानाच विचारून घ्यावे.

जाळी उंच व भरीव झाली, मधली साल हिरव्याची पिवळसर झाली आणि देठाभोवती बारीक चीर दिसली की जाळीदार वाण काढणीला आला. माल लांब पाठवायचा असेल तर देठ पूर्ण सुटण्याची वाट पाहू नये. जाळीत माती अडकून राहते, म्हणून घरी खातानाही फळ कापण्याआधी चोळून धुवावे.