मुळ्यावर निजवलेला मासा

सुट्टीला सौंदडला आलेल्या नातीने फर्मान काढलं, 'आजोबा, कोरियन मासा करा.' तिच्या त्या मालिकांमध्ये माणसं रडता रडतासुद्धा जेवत असतात, त्याचा हा परिणाम. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला घरात रिकामटेकडाच समजतात, तेव्हा पदर खोचला.

कोरियात या प्रकाराला 'जोरिम' म्हणतात. रस्सा आटवत आटवत जिनसात मुरवायचा, एवढंच त्यातलं मर्म. पातेल्याच्या तळाशी मुळ्याच्या बोटभर जाड चकत्या. मुळ्याला माशापेक्षा वेळ लागतो, म्हणून त्या आधी दहा मिनिटं शिजवून घ्यायच्या. मग त्यावर मासा निजवायचा आणि वरून सोया सॉस, लाल तिखट, ठेचलेला लसूण, आलं, चिमूटभर साखर नि थोडं पाणी. मंद आचेवर पळीपळीने तोच रस्सा माशावर सोडत राहायचं. कोकणातलं तिखलं हे याचं दूरचं भावंड म्हणायला हरकत नाही. त्यांच्या तिखटाला रंग फार, जाळ कमी. आमची भिवापुरी घातली असती तर नात त्याच रात्री नागपूरला परतली असती. ब्याडगीवर भागवलं.

अडलं ते माशापाशी. तिकडे बांगडा, वाकटी असले समुद्राचे मासे घेतात. आमच्याकडे तलाव. कोहळ्यांनी बांधलेले, मालगुजारी म्हणून ओळखले जाणारे. रोहू हवा तेवढा मिळतो, पण त्याचे बारीक दुहेरी काटे आटलेल्या रश्शात शोधायचे कसे? मला मरळ हवा होता. घट्ट मांसाचा, काटे कमी.

मासोळीवाल्या मावशी हसल्या. 'मरळ आता कोठचा जी साहेब?'

त्यांना ठाऊक नव्हतं की त्यांनी प्रश्न बरोबर माणसाला विचारला होता. १९८८ साली, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, मी बँकेच्या शाखेत मत्स्यपालनाची कर्जं मंजूर करत असे. प्रकल्प अहवालात एक ओळ ठरलेली असायची: बीज सोडण्यापूर्वी तलावातले शिकारी मासे नष्ट करणे. त्यासाठी मोहाची ढेप, क्विंटलांत. शिकारी म्हणजे मरळ, वाघूर. मग सोडायचे रोहू, कटला, मृगळ. साचल्या पाण्यात ते वीण घालत नाहीत, म्हणजे बीज पुन्हा विकत आणायचं आणि कर्जही पुन्हा घ्यायचं. मरळ मात्र तलावातच पिलावतो, फुकट. त्या ओळीखाली मी किती सह्या केल्या ते मोजलेलं नाही. हप्ते वेळेवर येत होते, आणि मी समाधानी होतो. (माझ्या एकाही कादंबरीत हे आलेलं नाही.)

पुढे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि इथल्या ढिवरांनी काही तलावांतून बेशरम उपटली, पाणवनस्पती लावल्या, तिथे गावरान मासे परतले.

चौथ्या दिवशी मावशींनी ओल्या फडक्यात गुंडाळलेला मरळ आणून दिला. एकच, जेमतेम किलोचा. भाव त्यांनी सांगितला तो दिला.

शिजल्यावर वाटीभर त्यांच्याकडे नेलं. त्यांनी मासा तसाच ठेवला, आधी मुळ्याची चकती मोडली, रस्सा चाटला.

'गोड कायले घातला जी?' म्हणाल्या, आणि दुसरी चकती उचलली.