दृष्टिबाधितांसाठी ठोकळ्यांची बांधणी : सूचना, ब्रेल आणि मराठीचा प्रश्न

प्रस्तावना

दिवाळीच्या दिवसांत दादर-नायगाव परिसरातील चाळींच्या आवारात मुले मातीचे किल्ले उभारतात. कोणी माती कालवतो, कोणी तटबंदी रचतो, कोणी मावळे मांडतो. अंध मुलाच्या वाट्याला मात्र बहुधा तयार किल्ल्याचे वर्णन ऐकणेच येते. वस्तुतः रचना हे हाताचे काम आहे. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या खेळातही हीच विसंगती दिसून येते. नायगावलगतच्या दादर पूर्व भागात श्रीमती कमला मेहता दादर अंध शाळा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी 1900 साली मुंबईत सुरू केलेल्या कार्यातून ती उभी राहिली. अंधशिक्षणाची सव्वाशे वर्षांची परंपरा असलेल्या या परिसरात, हा खेळ दृष्टिबाधितांना मराठीतून कसा सुगम होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अडथळा कोठे आहे?

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने आजच्या स्वरूपातील ठोकळ्याच्या पेटंटसाठी 28 जानेवारी 1958 रोजी अर्ज केला. ठोकळ्यावरील दोन गोल उंचवट्यांच्या केंद्रांमधील अंतर 8 मि.मी. असते. उंचवटे बोटांनी मोजता येतात आणि ठोकळा नीट बसला की नाही, हेही स्पर्शाने कळते. अर्थात ठोकळा मुळातच स्पर्शसुलभ आहे. अडथळा आहे तो सूचनापुस्तिकेचा. कोणत्याही भाषेच्या मुलाला समजावी म्हणून ती केवळ चित्रांची केली जाते. त्यामुळेच अंध मूल तिच्यापासून वंचित राहते.

अमेरिकेतील मॅथ्यू शिफ्रिन या अंध युवकाला तेराव्या वाढदिवशी एका स्नेही महिलेने संचासोबत स्वतः शब्दबद्ध केलेल्या सूचना ब्रेलमध्ये दिल्या. ठोकळेही टप्प्यांनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत लावून दिले होते. रंग स्पर्शाने कळत नसल्याने ही विभागणी महत्त्वाची ठरते. शिफ्रिन यांच्या पाठपुराव्यानंतर 2019 मध्ये कंपनीने निवडक संचांसाठी श्राव्य व ब्रेल सूचना उपलब्ध केल्या. पुढे त्यांनी ‘ब्रिक्स फॉर द ब्लाइंड’ ही संस्था स्थापन केली. अल्पदृष्टी असणाऱ्यांना ठोकळ्यांच्या रंगाहून भिन्न रंगाचे, काठ असलेले तबक व पुरेसा प्रकाश साहाय्यक ठरतो.

ब्रेल ठोकळे आणि भारती ब्रेल

ब्राझीलमधील डोरिना नोविल प्रतिष्ठानच्या कल्पनेतून विकसित झालेले ब्रेल ठोकळे 2020 मध्ये शाळांना देण्यास आरंभ झाला. 2023 पासून इंग्रजी व फ्रेंच संच विक्रीसही आले. येथे उंचवट्यांची मांडणीच ब्रेल अक्षर दर्शविते व खाली तेच अक्षर छापलेले असते. कागदावरील ब्रेल बिंदूंमधील अंतर सुमारे 2.5 मि.मी. असल्याने ठोकळ्यावरील अक्षर तिपटीहून मोठे असते. म्हणून हे साधन ओघवत्या वाचनापेक्षा अक्षर-ओळखीसाठी अधिक उपयुक्त आहे.

भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये स्वीकृत झालेली भारती ब्रेल सहा बिंदूंचीच आहे. तथापि तीत मात्रा व्यंजनानंतर स्वतंत्र चिन्हाने लिहिली जाते. ‘नायगाव’ या शब्दाला न, आ, य, ग, आ, व अशी सहा चिन्हे लागतात. इंग्रजी संचातील एन, वाय, जी व व्ही हे ठोकळे अनुक्रमे न, य, ग, व म्हणून चालतात. परंतु ‘आ’चे 3-4-5 हे बिंदू इंग्रजीच्या 26 अक्षरांपैकी एकाचेही नाहीत. शिवाय ज्यावर डब्ल्यू छापलेले असते तो ठोकळा बोटांना ‘ठ’ सांगतो. यावर सोपा उपाय असा की, उंचवटे असलेल्या पाटीवर दोन बाय तीन एवढ्या जागेत एकेका उंचवट्याचे सुटे ठोकळे बसवून कोणतेही अक्षर घडवावे आणि शेजारी देवनागरी अक्षराची चिकटपट्टी लावावी. त्यामुळे डोळस भावंडालाही ते वाचता येईल.

मराठी सूचनांची परिभाषा

शब्दांतील सूचनांसाठी मराठी नेमकी करावी लागेल. ‘ठोकळा उभा ठेवा’ म्हणजे टोकावर उभा, की लांब बाजू स्वतःपासून समोर जाणारी? ‘वर’ म्हणजे ठोकळ्याच्या माथ्यावर, की पाटीच्या पलीकडच्या कडेला? चित्र पाहणाऱ्याला ही संदिग्धता जाणवत नाही; ऐकणाऱ्याची मात्र पुढची सारी रचना चुकते. म्हणून ‘लांब बाजू डावीकडून उजवीकडे ठेवून दोन बाय चारचा ठोकळा पाटीवर बसवा, त्याच्या डावीकडील चार उंचवट्यांवर दोन बाय दोनचा ठोकळा दाबा’ अशी वाक्ये हवीत. प्रत्येक टप्प्याअखेर बोटांनी पडताळण्याची एक खूणही द्यावी.

निष्कर्ष

या खेळाच्या सुगमतेचा प्रश्न ठोकळ्यापेक्षा सूचनांचा आणि भाषेचा अधिक आहे. महाविद्यालयांतील मराठी व शिक्षणशास्त्राच्या विभागांनी दृष्टिबाधित विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशा सूचना लिहून, त्यांच्याच हातून तपासून घेतल्यास हे कार्य अल्प खर्चात साध्य होण्याजोगे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याने समान सहभागाचे तत्त्व मान्य केले आहे. किल्ल्याचे वर्णन ऐकणाऱ्या मुलाने तटाचा पहिला ठोकळा स्वतः बसविणे, हा त्या तत्त्वाचा साधा पण प्रत्यक्ष अर्थ होय.