थिबा राजवाडा आणि नकाशाची रेघ

रत्नागिरीस भाट्याच्या खाडीवरील टेकडीवर उभा असलेला तिमजली थिबा राजवाडा, त्याचा जांभा आणि अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या पाहून पाहुणा थबकतो. परंतु ही वास्तू चिऱ्यात उतरण्यापूर्वी कागदावर उभी राहिली असली पाहिजे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. १८८५ साली पदच्युत झालेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजास इंग्रजांनी १८८६ मध्ये येथे आणले, सुमारे चोवीस वर्षे बंगल्यांतून ठेवले आणि १९१० साली हा वाडा दिला. सरकारी इमारत म्हटली की आधी नकाशा, मग मंजुरी, मग पाया, असा त्या अमदानीचा शिरस्ता.

असा नकाशा आखण्याची रीत इटलीत रूढ झाली. देखावा चित्रकाराने रंगवावा, स्थपतीने मात्र खरी मोजमापे द्यावीत, हे स्थपती व ग्रंथकार अल्बर्टीने पंधराव्या शतकात बजावले. चित्रकार राफाएलने पोप दहाव्या लिओस लिहिलेल्या पत्रात तळनकाशा, दर्शनी भाग आणि उभा छेद अशी तीन आलेखने सांगितली. आणि स्थपती पॅलाडिओने १५७० च्या आपल्या वास्तुग्रंथात हीच त्रयी छापून देशोदेशी पोहोचवली. त्याचे बहुतेक व्हिला म्हणजे शेतीवर नजर ठेवणाऱ्या जमीनदारांची घरे. आपल्या खोतांना त्यांत परकेपणा वाटला नसता.

त्याच ग्रंथातील, व्हिचेंझा शहराजवळील ‘रोतोंदा’ या व्हिलाचे पान पाहावे. खाली तळनकाशा, त्याच्या मधोमध वर्तुळाकार दिवाणखाना आणि त्यात ३० हा आकडा. कोपऱ्यांतील मोठ्या खोल्यांत २६ आणि १५, सारे व्हिचेंझाच्या फुटांत. वर एकाच चित्राच्या अर्ध्या अंगास दर्शनी भाग आणि अर्ध्यास छेद, जणू फणस चिरून एक फाक बाजूला ठेवावी! गंमत अशी की १५८० मध्ये पॅलाडिओ वारल्यावर स्थपती स्कामोझीने जो घुमट बांधला, तो छापील नकाशातल्याहून बुटका आहे. कागदाने शब्द दिला, तरी दगडाने तो पाळावाच असे नाही.

थिबा राजवाडा शैलीने पॅलाडिओचा नव्हे, आणि तसे म्हणणे ओढाताणीचे होईल; नाते आहे ते आखणीचे. राजा तेथे जेमतेम सहा वर्षे राहिला आणि १९१६ साली निवर्तला. आता तेथे सरकारी संग्रहालय आहे. पुढच्या खेपेस गेलात, तर संगमरवरी फरशीच्या दालनात पावले मोजा आणि वहीच्या एका पानावर त्याचा तळनकाशा काढून पाहा. रेघ थोडी वाकडी आली तरी चालेल.